अळिवाचा किल्ला

१० जाने., शनि.
बाबांनी पुण्याचं तिकीट काढलं. बुधवार, २१. आम्हाला न विचारता, मोबाइलवर, स्वतःचं स्वतः! (शिकवलं मीच. भोगा आता.) सासूबाई गेल्यावर हट्टाने आणलं त्यांना इथे तेलुगू मुलखात, कुकटपल्लीला. म्हणतात, "तुम्ही दोघं कामात. मी नुसता जेवतो आणि झोपतो. पुण्यात निदान भांडायला शेजारी आहेत." मी म्हटलं, बरं. बरं कसलं डोंबलाचं! मला नकोय त्यांनी जायला. एकटे चहा-बिस्किटांवर भागवतील.

११, रवि.
पुढच्या रविवारी आपल्याकडे खेळ. गोष्ट सांगणार मी, तिच्यातली माणसं होऊन फासे टाकत खेळणार नवरा निखिल आणि आमचे दोस्त श्रावणी, इम्रान. आजवर कागदावर पेन्सिलीने किल्ले काढले. इम्रान वैतागला, "हर बार कागज का किला? नक्को अब." मी फुशारकी मारली, खराखुरा करते! विकतचा घ्यायचा तर घर गहाण टाकावं लागेल. म्हणून फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल. दिवसभर कोरून काय सुंदर बुरूज झाला! मग बाल्कनीत त्यावर डब्यातला काळा रंग फवारला. बुरूज फसफसला आणि जागच्या जागी विरघळला. बाबा दारात. खो खो हसले. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा. मग बुरुजाचं काही वाटेना.

१२, सोम.
ऑफिसातून आले तर बाबांनी बादलीत रद्दी भिजत घातलेली. "थर्माकोल कसला? कागदाचा लगदा कर, पुठ्ठ्यावर चढव." कामाला लागलो. हात लगद्यात, तोंडाने प्रश्न.
"फासे कशाला?"
"कड्यावरून उडी मारलीत तर पोचलात की पडलात, ते फासा सांगतो."
"जिंकतं कोण?"
"कोणीच नाही."
"मग तासन्‌तास बसता कशाला?"


१४, संक्रांत
किल्ला उभा! पायऱ्या आइसक्रीमच्या काड्यांच्या, माती म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा. दरवाज्यावरून कडाक्याचं भांडण. मी समोर ठेवला होता. "शत्रूला आमंत्रण देतेस का?" म्हणून बाबांनी तो उखडून दोन बुरुजांच्या वळणात लपवला. चांगला दिसतोय, पण त्यांना सांगितलं नाही. तिळगूळ खाल्ला दोघांनी, हात न धुता.

१६, शुक्र.
सत्यानाश. सकाळी किल्ल्यावर हिरवं हिरवं. मला वाटलं बुरशी. बाबा खुशीत! दिवाळीच्या किल्ल्यावर पेरतात तसे माझ्या डब्यातले अळीव ओल्या लगद्यावर पेरले, वर मी ऑफिसात असताना पाणी शिंपडत बसले. पुठ्ठा फुगलाय, तटबंदी सुटायला आलीय. ओरडलेच मी. "अहो बाबा, परवा खेळायचंय ह्यावर!"
"किल्ल्यावर गवत नको?" एवढंच म्हणाले आणि खोलीत गेले.
रडू आलं. जाणाऱ्या माणसाला मीच आणखी ढकललं.

१८, रवि.
केवढा दिवस!! अळीव वाढून सोंगट्यांच्या डोक्यावर गेले. लाजेने चादर टाकून ठेवली होती. श्रावणीने ती ओढली आणि किंचाळली, "अब्बा! एंत बागुंदी!" (किती सुंदर!) इम्रान तर नाक लावून वास घ्यायला लागला. "अंकल, असली घास? आप उगाए?" बाबा खोलीच्या दारातून, "हो. म्हणजे… हौ."
इम्रानने सोंगटी गवतात खुपसली. "मैं छुप गया. ढूंढो." झालं! माझ्या पहारेकऱ्यांना कोणी दिसेना, ठरवलेली सगळी गोष्ट कोलमडली. हसून हसून पोट दुखलं. बाबांना राहवेना. "दरवाजा कशाला हवाय? मागच्या कड्याने जा की!" इम्रानने खुर्ची ओढली. "अंकल, आप आव ना."
बसले! खेळातलं नाव घेतलं दौलतराव. दोर टाकून कडा चढायला निघाले. फासा वाईट पडला, हात सुटला. दौलतराव एका हाताने दोराला लोंबकळतायत, वरून मशाल घेऊन कोणीतरी येतंय.
मी म्हटलं, "आज इथेच थांबू."
बाबा उसळलेच. "अगं, मला लटकवून कुठे चाललीस?"
"पुढच्या रविवारी."
तिकीट बुधवारचं, हे सगळ्यांना माहीत. मुद्दाम केलं मी. अजिबात लाज वाटत नाही.

२०, मंगळ.
बाबांची बॅग भरून दाराशी. तिकीट रद्द केलेलं नाही. निखिल म्हणाला, "विचारू का?" म्हटलं, खबरदार.
किल्ल्याचा एक बुरूज रात्रीतून बसला. टाकायला कोणी हात लावत नाही.
मी ऑफिसातून आल्यावर बाबांनी बशीत चहा ओतला. मग म्हणाले, "तो मशालवाला. तरुण आहे, की माझ्यासारखा?"
"का हो?"
"म्हातारा असला तर बोलण्यात गुंतवता येईल. त्यालाही तिथे कोण आहे बोलायला?"
मी म्हटलं, "वर चढून तुम्हीच बघा."
बशीतला चहा बशीतच राहिला त्यांचा. मोबाइलवर तिकीट उघडून बसलेत.