फुंकणारे, बडवणारे आणि एक साहेब

हिंगोली, स्टेशनच्या अंगाला
मे १९७४, सकाळ

बँडातले आमचे थोरले भाऊ खाजाभाई, मुक्काम गोरेगाव (सेनगावजवळचं), यांना संतरामचा सलाम, नमस्कार, अन् त्याउपर तुमाला जे आवडत असंल तेही. तब्येत बरी असावी. खोकला उतरला असावा (आल्याचा रस घेऊन राहिले का? घेत नसाल, मला ठाऊक आहे). लेक शरीफाला आशीर्वाद, जावईबापूंना सलाम. इकडं आमी समदे मजेत. तुमी महिन्यामागं टोपी खुंटीला अडकवून, कोणाला न सांगता निघून गेलात, त्यानं कंपनीचं काहीएक अडलं न्हाई, कोणाला तकलीफ झाली न्हाई, एवढंच कळवायला हे पत्र. तुमाला परत बोलवायला न्हाई. तसा गैरसमज नसावा.

आता हे समदं झालं कशानं, ते इमानदारीनं सांगतो. त्या तीन साहेबांनी. मोंढ्याच्या बाजाराजवळच्या हॉलात ‘मध्यम धंदा मोठा कसा करावा’ यावर भाषणं होती, अन् पाहुण्यांच्या स्वागताला आपलाच बँड होता, आठवते ना? एक साहेब पंपाच्या कारखान्याचे, एक साबणाचे, एक बिस्किटाचे. स्वागत वाजवून झाल्यावर तुमी समदे चिवडा खाऊन लिंबाखाली आडवे झालात. मी तेवढा आत मोठ्या ढोलाला टेकून बसलो (आत पंखा होता, खोटं काहून बोलू). तिथंच माझी मती फिरली. पंपाचे साहेब बोलले, ज्या दिवशी मी हातातला पाना खाली ठेवला त्या दिवशी माझी कंपनी वाढायला लागली. साबणाचे बोलले, जो कामात सगळ्यात हुशार त्याला कामातून उचला अन् बाकीच्यांवर साहेब म्हणून बसवा. बिस्किटाचे तर देवमाणूस वाटले मला. ते म्हणाले, ज्यांचं एकमेकांशी पटतं त्यांच्या तुकड्या करा, आपण मधोमध बसा, अन् स्वप्न पाहा. खाजाभाई, सहा जणांचा बँड विसावर गेला, पण स्वप्न पाहणं हेही मालकाचं काम असते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी आजवर ते फुकटातच करत होतो.

मग काय, मी कामाला लागलो, म्हणजे डोळे मिटून बसायला लागलो. दुपारी जेवण झालं की अंगणात बाज टाकायची, अन् हळूहळू दिसायला लागायचं. आधी एक बँड, मग त्याच्या मागून दुसरा, मग सेनगावचा, कळमनुरीचा, औंढ्याचा, पांढरे कपडे, खांद्यावर लाल झालरी, वाळत घातलेल्या हळदीच्या मधून चालत येऊन राहिले, पायाला पिवळी धूळ, अन् पितळेवर ऊन असं पडलेलं की बघणाऱ्यानं कपाळावर हात धरावा. स्टेशनात गाडी उभी, डायव्हर खाली उतरलेला, म्हणतो हे समदं पुढं गेल्याशिवाय मी हलत न्हाई. अन् समद्यांच्या पुढं मी, मोकळ्या हातानं, काहीच न वाजवता, ढगावर पाय ठेवल्यागत चाललेला. इतकं गोड वाटायचं, की आमच्या कारभारणीनं, अनुसयाबाईनं, चहाला हाक मारली तरी मी म्हणायचो, थांब गं, अजून औंढ्याचा बँड वळायचा आहे. ती म्हणायची, लागलं याड.

पहिला धडा मी स्वतःवर चालवला. माझा फुंकायचा कॉर्नेट खाली ठेवला अन् वरातीच्या पुढं हात मागं बांधून चालायला लागलो. सेनगावच्या लग्नात त्यामुळं लोकांनी मला नवरीचा मामाच समजलं, पाटावर बसवलं, टोपी-उपरण्याचा आहेर केला. मी घेतला (घरी आलेली लक्ष्मी अन् अंगावर आलेलं उपरणं नाकारू नये). खरा मामा मागून आला तेव्हा थोडी गडबड झाली, पण ते जाऊ द्या.

दुसरा धडा तुमच्यावर चालवला. तो मात्र जाऊ देता येत न्हाई. आपल्यात सगळ्यात हुशार कोण? खाजाभाई. तर मग खाजाभाईला उचला, मॅनेजर करा. तुमची क्लॅरिनेट मी पेटीत घालून कुलूप लावलं, हातात शिट्टी दिली, बसायला खुर्ची दिली, अन् मनात म्हणालो, बघा, मालक असावा तर असा. तुमी शिट्टीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् नुसतं बोलले, “बराबर है, मालिक.” वीस वर्षं संत्या म्हणणारा माणूस मला मालिक म्हणाला अन् मी येडा त्यावर खूश झालो! घरी जाऊन अनुसयाबाईला कौतुकानं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. पुढच्या बाजाराच्या दिवशी तुमी गोरेगावच्या जीपमध्ये बसून गेलात.

तिसरा धडा मी तुमच्या माघारी चालवला. एकाच मुहूर्तावर दोन लग्नं आली, एक कळमनुरीचं अन् एक डोंगरकड्याचं. आधी असं झालं की तुमी जीपपाशी उभं राहून बोट करायचे, तू इकडं, तू तिकडं, अन् झालं. मी तसं केलं न्हाई. समद्यांना बोलावून सांगितलं, ज्याचं ज्याच्याशी पटते त्यानं त्याच्यासंगं जावं. लोक खूश. आता फुंकणाऱ्याचं पोट बाज्याच्या आधी रिकामं लागते अन् बडवणाऱ्याचं भरलेलं, हे तुमीच तर शिकवलेलं. म्हणून आपल्यात बडवणारे आधी जेवतात, फुंकणारे मागून. वर्षानुवर्षं पंगती वेगळ्या, तर सुखदुःखही वेगळीच. ज्याच्याशी पटते तो आपल्याच पंगतीतला. तेव्हा काय झालं असंल ते तुमी ओळखलंच असंल. ढोल, ताशे, झांजा समदे एका जीपमध्ये बसून कळमनुरीला गेले, अन् समदे फुंकणारे डोंगरकड्याला.

मी कुठं होतो म्हणाल, तर मधोमध. साहेबांनी सांगितलं तसं. दोन गावांच्या मधे सडकेच्या कडंला बाभळीखाली खुर्ची टाकून डोळे मिटले होते. औंढ्याचा बँड वळून राहिला होता.

कळमनुरीत नुसतेच ढोल ऐकून लोक घराबाहेर आले अन् कशाची दवंडी म्हणून विचारायला लागले. नवरीचे बाप किशनराव म्हणे, या वाजवण्यावर नाचावं वाटत न्हाई, कोणाला तरी धरून हाणावं वाटते. डोंगरकड्याला त्याहून वाईट. ठेका नसल्यावर बाजा संथच होत जातो, तुमाला ठाऊक आहे. इतका संथ झाला, की नवरदेवाची आजी रुख्मिणीबाई पदर डोळ्याला लावून विचारायला लागली, कोण गेलं बाई? मी पोचलो तो वरातीमागून घोडं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेव्हापासून बायाबापड्या मला पाहून तोंडाला पदर लावतात, अन् गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जाऊन राहिलं.

पण हे समदं चालायचंच. धंद्यात चढउतार असतात. तुमची याद फारशी येत न्हाई. शरीफाकडं आराम करा, खुशाल राहा, अन् आमच्या चुका मनावर घेऊ नका.

तुमचा
संतराम (मालक लिहिणार होतो, पण हात वळला न्हाई)

ता. क. — लिहायचं राहून गेलं. आमच्या लेकीचं, पंचफुलाचं लग्न ठरलं, येत्या रविवारी, इथंच दारात. पोरगी हट्टाला पेटली आहे. म्हणते, लेकरू होते तवापासून खाजाचाचाच्या फुंकीवर झोपले अन् उठले, सासरी जाताना चाचा वाजवणार नसंल तर मी उंबरा ओलांडत न्हाई. मी दटावलं. ती रडली. मग मी रडलो.

आणखी एक — वर लिहिलं की याद येत न्हाई. खोटं आहे. त्या स्वप्नात एवढे बँड जातात, पण आवाज कशालाच न्हाई. मी मागं वळून बघतो, तर समदे गाल फुगवून फुंकून राहिले अन् ऐकू काहीच येत न्हाई. मग मी पेटीचं कुलूप काढलं अन् तुमची क्लॅरिनेट स्वतः फुंकून बघितली. अनुसयाबाई गोठ्याकडं धावली, वासरू अडकलं समजून.

शेवटचं — हे पत्र टपालात टाकायला निघालो तर अनुसयाबाई म्हणाली, कागद काय पाठवता, तुमाला पाय न्हाईत का? म्हणून जीपनं गोरेगावला आलो. दुपारपासून शरीफाच्या दारासमोरच्या ओट्यावर बसून आहे, मांडीवर तुमची क्लॅरिनेट. कडी वाजवायचा धीर होईना, म्हणून आत्ता हे दाराखालून सरकवून राहिलो. आतून तुमचा खोकला ऐकू येऊन राहिला. वाचून झालं असंल तर दार उघडा.