आमच्या प्रवाळावरचा हिरवा डाग

४ जून

आज पुन्हा ऐंशी! एका बोटीतून ऐंशी माणसं आमच्या प्रवाळावर उतरवली. अंगाला चोपडलेलं क्रीम पाण्यावर तेलासारखं तरंगत होतं. एक बाई चक्क प्रवाळावर उभी राहून फोटो काढून घेत होती. मी काठावरून ओरडले, तर तिने हात हलवून "बुला, बुला!" केलं. आमचाच नमस्कार मला, बुला म्हणे!

सहा वर्षं गावाने इथे जाळं टाकलं नाही. पोरांनी कोरडा भात खाल्ला. तेव्हा कुठे मोठे शिंपले परत आले, आणि ते बघायला माझ्या लॉजवर पाहुणे यायला लागले. आता काठाजवळ हिरवा बुळबुळीत डाग धरलाय. इस्टरला ताटाएवढा होता, आता चटईएवढा झालाय. खालचं प्रवाळ मेलंय.

५ जून

परवानगी कुणी दिली ते कळलं. पेनाया काकांनी! गावचे प्रमुख, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. बोटींच्या कंपनीचा माणूस यंगोनाच्या, मानाचं पेय करतात त्या मुळ्यांची जुडी घेऊन आला, खाली मांडी घालून बसला, जुडी पुढे सरकवली. काकांनी टाळ्या वाजवून ती स्वीकारली. मग तो म्हणाला, बोटी आणू का?

"आधी विचारायचं तरी, काय पाहिजे म्हणून!" मी म्हटलं.

"दारात आलेली जुडी नाकारायची नसते, वासिती. आणि घेतल्यावर नाही म्हणायचं नसतं."

"म्हणजे कुणीही यावं आणि टपली मारून जावं!"

काकू आतून म्हणाल्या, "हळू बोल गं. प्रमुखांशी बोलतेयस."

हळू बोलायला मला जमत नाही. कधीच जमलं नाही.

९ जून

अकुइलाशी भांडले. म्हणे, "जरा थांब. डाग कशाचा ते आधी बघू." काय बघायचंय? डोळे फुटलेत का त्याचे? नवरा माझा, आणि वकिली बोटवाल्यांची!

१४ जून

गावसभा. बायका मागे बसतात. मी उठून पुढे गेले.

"बोटींनी आपलं प्रवाळ मारलंय," मी म्हटलं, "आणि त्या आपणच आत घेतल्यात!"

टोमासी हसला. "वासितीला पाहुणे कमी पडले वाटतं."

"तुझी बायको माझ्याच लॉजवर स्वयंपाक करते, टोमासी. तिला घरी बसवू का?"

मग कुणी हसलं नाही. कशावरून म्हणतेस, असंही कुणी विचारलं नाही. काका म्हणाले, "मी शब्द परत घेतो."

आमच्याकडे प्रमुख शब्द परत घेत नाही. माझ्या आठवणीत तरी कुणी घेतलेला नाही.

१९ जून

काकांबरोबर शहरात कंपनीच्या ऑफिसात गेले. त्यांनी लग्नाकार्यातला सुळू नेसला होता, काखेत आपल्याच मळ्यातल्या यंगोनाची जुडी. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस गुळगुळीत फरशीवर मांडी घालून, मान खाली घालून बसला. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "आजोबा, खुर्ची आहे ना!" काका हलले नाहीत. पाऊण तास.

साहेब आला. गोरा, हसरा. काकांनी माफी मागितली, जुडी पुढे केली, दिलेला शब्द परत मागितला. त्या गाढवाला वाटलं भेट आणलीय! फोन काढून काकांबरोबर फोटो काढला. मी इंग्रजीतून समजावलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "ठीक आहे, बेटं काय, पुष्कळ आहेत," म्हणाला.

परतीच्या होडीत काका माझ्याकडे पाठ करून बसले. मला रडू येत होतं, आणि रागही. त्या साहेबाचा राग. काकांचाही. कशाला घेतली होती ती जुडी!

रविवार

काका चर्चमध्ये आले नाहीत. पलीकडच्या गावात त्यांची नक्कल करून दाखवतात म्हणे.

२ जुलै

बोटी बंद! एकसुद्धा नाही. पाणी कसं स्वच्छ! जिंकले मी.

२८ जुलै

डाग वाढलाय. आता दोन चटया. बोटी बंद होऊन महिना होत आला, तरी! चोरून येत असतील हरामखोर. राजधानीतून, सुव्हाहून रुसीलाला बोलावलं, पाण्याची तपासणी करते ती. आज येऊन तिने ठिकठिकाणचं पाणी बाटल्यांत भरून नेलं. लेखी पुरावा हातात आला की त्या कंपनीला कोर्टात खेचते.

११ ऑगस्ट

रुसीलाचा फोन आला. बोटी नाहीत. क्रीम नाही. डाग माझ्या लॉजच्या शोषखड्ड्यामुळे आहे. गेल्या वर्षी तीन खोल्या वाढवल्या, कपडे धुवायचं मशीन आणलं, खड्डा तेवढाच ठेवला. सगळी घाण वाळूतून झिरपत थेट प्रवाळावर जातेय.

संध्याकाळी काका आले होते, मळ्यातले दालोचे कंद घेऊन. सभेनंतर पहिल्यांदाच माझ्या दारात आले. उभ्याउभ्याच विचारलं, "डाग कमी होतोय ना, पोरी?"

मी हो म्हटलं.