निरोगी माणसाचं रक्त

४ जुलै, कंपाला
पुन्हा तेच! कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तात आमचं प्रथिन बिघडलेलं दिसलं, ते ठीक. पण तुलनेला ठेवलेल्या निरोगी नमुन्यातही बिघडलेलं! प्रोफेसर सेबुलिबा म्हणाले, "नाम्पिजा, हात धुतेस ना गं?" पीएच.डी. अडकलीय ती माझी. त्यांचं काय जातंय!

निरोगी नमुना म्हणजे मीच. प्रोफेसरांनी मला माटोकेची, म्हणजे शिजवलेल्या कच्च्या केळ्यांची, तिसरी थाळी संपवताना पाहिलं आणि जाहीर केलं — "हिच्याहून धडधाकट कोण?"

६ जुलै
परदेशी पाहुणे. प्रोफेसरांनी आमचं प्रथिन, हेलिकेज, समजावलं — पेशीत आरएनएच्या धाग्याला पडलेल्या गाठी सोडवणारं प्रथिन. ते बिघडलं की रक्ताच्या पेशी नीट घडत नाहीत, उतारवयात रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. "आम्ही गाठी सोडवणारी माणसं!" टाळ्या. आमच्या फ्रीजची किल्ली मात्र प्रोफेसरांच्याच खिशात, आणि ते दुपारीच एन्टेबीच्या विमानतळावर!

७ जुलै
बाबांच्या उत्तरकार्याची बैठक. धाकटे काका गरजले, "रक्त काय आपोआप आटतं? आधी थोरला, मग तुझा बाप — दोघांचंही तुझ्या आत्यानेच प्यायलं!"

आत्या नालुले, बाबांची सख्खी बहीण, मसाकात एकटी राहते. तिच्या हातचं कोणी पाणीही पीत नाही. बैठकीत शास्त्रज्ञ एकच होती. ती शेंगदाण्याच्या रश्शावर ताव मारत गप्प बसली.

११ जुलै
नवे हातमोजे, नव्या बाटल्या, तरी माझाच नमुना वाकडा. प्रोफेसर वैतागले. "टाकून दे तो! दुसऱ्या कोणाचं तरी रक्त घे आणि प्रबंध उरक."

१२ जुलै
टाकणारच होते. पण चीड आली होती, म्हणून त्या प्रथिनाचं माझं जनुक वाचून घेतलं.

हात स्वच्छ होते. यंत्रही ठीक. दोष माझ्याच जनुकात आहे. बाबांकडून आला असणार, थोरल्या काकांनाही तोच असणार. आजार होईलच असं नाही. पण भीती वाटते, फार वाटते.

आणि आत्याही त्याच आजोबांची मुलगी. दोष तिच्यातही असू शकतो.

१४ जुलै, मसाका
आत्याला सगळं सांगितलं. मग चाचरत म्हटलं, तुझंही थोडं रक्त हवंय.

"वा गं वा! मी रक्त पिते म्हणून वाळीत टाकलंत, आणि आता माझंच काढायला आलात?" तिने माठातून तांब्या भरला. "आधी माझ्या हातचं पाणी पी."

प्यायले. तिने बाही वर केली.