खांडीतली देवी

३ एप्रिल, शुक्र.
गावदेवीच्या दगडावरचा शेंदूर आज खोळीसारखा गळून पडला. वर्षानुवर्षांचे थर. आत कोरलेला आकडा, १७. म्हणजे मिठागराच्या हद्दीचा दगड! लेक मृणाल फोटो काढत म्हणाली, "पप्पा, गेम ओव्हर." हसलो. मग वाईट वाटलं.
आठ दिवसांवर पालखी. देवीची गोष्ट दरवर्षी बाबा सांगतात. घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेला, म्हणून यंदा मी. कोलशेतच्या शाळेत पोरांना जन्मभर "पुरावा काय?" विचारणारा विज्ञानाचा मास्तर. शोभतंय!

५ एप्रिल, रवि.
बाबांना आकड्याचं सांगावं की नको, दोन दिवस घोळ. शेवटी सांगितलं. हल्ली ते पाटीवर लिहून बोलतात. लिहिलं, "ठाव हाय. तो दगर माजे बापानंच उभा केला. मी बी हात लावलेला."
म्हणजे एवढी वर्षं माहीत असून... रागच आला. विचारलं, मग देवीची गोष्ट सांगायचात कशाला?
त्यांनी पुसून परत लिहिलं. "ती गोष्ट आयकून, बांध फुटला का सगला गाव धावं. कोनाचा बांध, कोन इचारी नाय."

८ एप्रिल, बुध.
आमच्या बाळकुमात आता बांध कुठला? मिठागरावर टॉवर. तरी बाबांसमोर तालीम केली. "भरतीत बांधाला खांड पडली. माती टिकेना. तेव्हा देवी स्वतः त्या खांडीत आडवी झाली, पाणी अडवलं, असं सांगतात."
बाबांनी पाटी आपटली. "सांगतात नको. झाली."
म्हटलं, बाबा, मला खोटं नाही जमत. ते भिंतीकडे तोंड करून पडले, जेवलेही नाहीत. आवाज गेला तेव्हासुद्धा इतके हरलेले दिसले नव्हते.

११ एप्रिल, शनि.
सांगितली. देवळासमोर गाववाले, टॉवरवालेही बरेच. खांडीपर्यंत आलो आणि "असं सांगतात" अगदी ओठावर. बाबा समोर खुर्चीत. त्यांचे ओठ हलत होते, माझ्या एक शब्द पुढे.
म्हटलं, "आडवी झाली." पुढे थांबावंच लागलं. डोळे भरले, कशाने कोण जाणे.
परतताना मृणालने विचारलं, "पप्पा, खोटं बोललात?"
"नाही." विचार करायच्या आधीच आलं तोंडून.
"मग ते खरं?"
हो म्हणता येईना. नाही म्हणायलाही जीभ रेटेना. आणि ती उत्तरासाठी रस्त्यात उभीच.