आईची गिऱ्हाइकं

आई,

तुला गिऱ्हाईक मागता येत नव्हतं, असं मी बरीच वर्षं समजत होते. खरं तर ते तुला माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं जमायचं. तू गेल्यावर मी नोकरी सोडली, आता घरूनच मार्केटिंगची कामं करते, म्हणजे दुसऱ्यांच्या दुकानांच्या जाहिराती, पोस्ट, व्हिडिओ. तुझ्या भाषेत सांगायचं तर लोकांना गिऱ्हाइकं शोधून देते. माझी स्वतःची मात्र मला सापडत नाहीत. करंजाड्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून रोज अनोळखी दुकानदारांना मेसेज पाठवते. ते वाचतात आणि गप्प बसतात. मध्यंतरी बेलापूरला एका हॉटेलात छोट्या धंदेवाल्यांचा मेळावा होता, तिथे गेले, तर सगळे माझ्यासारखेच. प्रत्येकाच्या हातात कार्डं आणि घ्यायला कुणी नाही. माझं गिऱ्हाईक म्हणून पनवेलचा एक दातांचा डॉक्टर तेवढा टिकून होता. त्यानेही परवा सांगितलं, "मॅडम, आता आमचा भाचाच करतो सगळं मोबाइलवर. तुमी टेन्शन नका घेऊ."

तू असलं काही केलं नाहीस. नेरुळच्या त्या दोन खोल्यांत, लोखंडी कपाटात साड्यांचे गठ्ठे असायचे, पण दारावर पाटी नव्हती. संक्रांत ते रथसप्तमी हा तुझा सीझन. दुपारी ओटा आवरून तू गठ्ठ्यातली एक साडी नेसायचीस आणि बिल्डिंगमधल्या एकूण एक हळदीकुंकवाला जाऊन, भिंतीला न टेकता ताठ बसायचीस, सगळा पदर दिसेल अशी. कुणीतरी विचारायचंच, "अय्या, ही कुठून घेतली?" मग तू अगदी सहज म्हणायचीस, "घरी या ना, दाखवते." एकदा मीच मोठ्यांदा बोलून गेले, "माझी आई साड्या विकते." परत येताना जिन्यात तू माझा दंड असा धरलास की वळ उठला. "गिऱ्हाईक मागायचं नसतं गं. त्याला विचारू द्यायचं."

मग बाबा गेले. पुढच्या संक्रांतीला तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आमंत्रणाला आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि तुझ्याकडे न बघता मला म्हणाल्या, "तू ये गं संध्याकाळी." तुझी सगळी गिऱ्हाइकं त्या एका वाक्यात गेली. तू मला आत नेलंस, मी दहावीतली पोरगी, आणि नवी जांभळी साडी नेसवलीस. खांद्यावर पिन लावता लावता म्हणालीस, "कुणी विचारलं तर घरी बोलाव." मी ताठ बसले, अगदी तुझ्यासारखी. काकूंनी मला कुंकू लावलं, हातात वाण म्हणून प्लास्टिकचा डबा दिला आणि तुझ्यासाठी कागदात दोन तिळाचे लाडू. साडीचा विषय कुणी काढलाच नाही. घरी येते तर तू दारातच उभी.

"कुणी विचारलं?"

"नाही."

"बरं. पिन हळू काढ, भोक पडेल."

लाडू फ्रिजवर पडून राहिले, मुंग्या लागेपर्यंत. उन्हाळ्यात तू गठ्ठे व्यापाऱ्याला परत केलेस आणि महापेला एका कंपनीत पॅकिंगला लागलीस. दिवसभर उभं राहून तिथेच तुझी पाठ गेली. मला काकूंचा राग येतो, पण तुझा जास्त येतो. न बोलावता जाऊन बसायचं होतंस. भांडायचं होतंस. ते सोडून तू पिनेची काळजी करत राहिलीस.

आता पुढचं ऐक. सीवूड्समधल्या एका साड्यांच्या दुकानाला मी नेहमीसारखाच मेसेज पाठवला. चक्क उत्तर आलं, आणि दुकान निघालं काकूंचं. सून चालवते, काकू गल्ल्यावर बसतात. "अगं, तू आपल्या बिल्डिंगमधली ना! किती वाळलीस!" त्यांना संक्रांतीला दुकानात मोठं हळदीकुंकू करायचंय, आजूबाजूच्या सगळ्या सोसायट्यांतल्या बायका यायला हव्यात. जमलं तर पुढे वर्षभर काम माझ्याकडेच. मी म्हटलं, "आमंत्रणात स्पष्ट लिहू या, नवरा गेलेल्या बायकांनीही यायचंय." मुद्दामच म्हटलं. त्या नको म्हणतील, मग मी चार शब्द ऐकवीन आणि पर्स उचलून चालती होईन, असं मनात होतं. ते चार शब्द माझ्याकडे केव्हाचे तयार आहेत.

पण सून जवळजवळ ओरडलीच, "मम्मी, कसला भारी कन्सेप्ट आहे! या साइडला अजून कोणी केलंच नाय. रील जाम चालेल." काकूंनी जरासा विचार केला. "करूया की. आपण कुठे असलं काही मानायचो? हिच्या आईला मी आठवणीने तिळगूळ पाठवला होता." आणि त्यांचे डोळे भरून आले, अगदी खरोखर. "तिचा फोटो आहे का गं? तिचीच स्टोरी टाकू. लोकांना खरं काहीतरी लागतं."

मी काय ऐकवलं माहितीय? "बघते हं काकू." वर चहाही प्यायले. बाहेर पडले तेव्हा मला हायसं वाटत होतं, आणि त्याची किळसही येत होती. ज्यांनी तुला घरी बोलावलं नाही, त्यांच्या दुकानाची जाहिरात तुझ्या फोटोवर होणार. ती मी करणार, आणि चांगली करणार, कारण मला ते काम हवंय.

खरं सांगू? हे पत्र मी त्या पोस्टखाली टाकायचा मजकूर म्हणूनच लिहायला घेतलं होतं. 'तुला गिऱ्हाईक मागता येत नव्हतं' ही ओळ त्यासाठीच सुचली होती. मग त्यात काकू आल्या, पिन आली, आणि ते कुठे टाकण्यासारखं राहिलं नाही. फोटो मात्र मी सकाळीच पाठवून दिला. बाबा असतानाचा, हिरव्या साडीतला, तू ताठ बसलेली. लगेच सुनेचा मेसेज आला, "वॉव! ही साडी कुठून घेतली होती त्यांनी?"

विचारलं गं आई, कुणीतरी.