सगळ्याच तारा लाल

चिरंजीव धाकट्यास, थोरल्या ताईचे भरभरून आशीर्वाद. देवाच्या कृपेने तुझा खोकला थांबला असेल असं धरून चालते (नसेल तर गरम पाणी पी, औषधाचा खर्च वाचेल). इकडे आम्ही सुखरूप आहोत. एक डायोड तेवढा गेला.

झालं असं, डॉक्टरीणबाईंनी माझे गुडघे दाबून पाहिले आणि शिलाई मशीनचं पायडल मारणं बंद करायला सांगितलं. त्याच संध्याकाळी ह्यांनी कोपऱ्यावरच्या शिंप्याला मशीन विकायचा शब्द देऊन टाकला. आईने दिलेलं मशीन, ज्यावर तुझ्या शाळेच्या चड्ड्या शिवल्या, ते! मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांबा, मी त्याला मोटर बसवते. हे इतके हसले की चष्मा पुसावा लागला. (मॅट्रिकला विज्ञानात मला किती गुण होते ते ह्यांना ठाऊक नाही. तुला आहे, पण तू बोलू नकोस.)

मग भंगारवाल्याकडून मोटारगाडीच्या पंख्याची जळकी मोटर आणली आणि तिच्यावर नवी तार गुंडाळली. लोकर विणणाऱ्या बाईला वेटोळी घालायला कुणी शिकवावं लागत नाही. ह्यांच्या स्कूटरची जुनी बॅटरी घेतली, ती भरायला मेलेल्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर काढला आणि पुढे डायोड लावला. (डायोड म्हणजे अगदी माझा स्वभाव. आत आलेलं परत जाऊ देत नाही.) पहिल्यांदा मोटर ढिम्म. तारेच्या टोकांचं वार्निश खरवडायचं राहिलं होतं. ते खरवडलं, तर अशी आनंदाने भिरभिरली की तेलाची कुपी उलटली आणि शेजारचं मांजर अजून आमच्याकडे फिरकलेलं नाही. मी देवाला हात जोडून बॅटरी चार्जिंगला लावली, तोच डायोडने धूर सोडला. ह्यांनी बाहेरून विचारलं, उदबत्ती बदललीस का? मी म्हटलं, हो, स्वस्तातली आहे. (देवाची माफी लगेच मागितली.) बॅटरीत जीव होता तेवढ्यावर मशीनला जोडून पाहिलं, तर चाक उलटं फिरलं आणि फडक्याखाली दोऱ्याचं घरटं झालं.

अशात शनिवारी शिंपी हातगाडी घेऊन दारात. हे टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले.

"अगं, ह्यातली प्लसची तार कुठली?"

"लाल."

"आणि मायनसची?"

"तीही लालच."

आता तूच सांग, मशीन देवाच्या फळीखाली, तिथे काळी तार मी कशी लावू? शिवाय घरात लाल तारेचं भेंडोळं पडून असताना नवी विकत आणायची? हे जमिनीवर बसून पोट धरून हसले. शिंपी दारात घोटाळत होता. मी मशीनवरून हात काढेना. ते ह्यांनी पाहिलं, डोळे पुसले, स्टूल ओढून चाकाशी बसले आणि हाताने चाक फिरवू लागले.

"शिंपीदादा, मशीन विकायचं नाही. मोटर बसवली आहे."

शिंपी वाकून मोटर शोधू लागला, तर ह्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. हातगाडी रिकामी गेली.

तेव्हा बाबा रे, रविवारी तारा तपासायचं मीटर आणि डायोड घेऊन ये आणि हा गुंता एकदाचा सोडव.

तुझी,
ताई

ता. क. डायोड विकत आणू नकोस. तुझ्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात पडीक असेल तोच आण.

ता. क. दुसरा. रविवारी येऊच नकोस. हे रोज संध्याकाळी चाक फिरवायला बसतात आणि ऑफिसातल्या एकेक गमती सांगतात. इतक्या वर्षांत जेवताना कधी शब्द निघाला नव्हता. आलासच, तर पार्ट बाजारात मिळत नाही एवढं सांग. आणि शर्टांची कापडं पाठव. ह्यांना काम कमी पडायला नको.

ता. क. तिसरा. काल हे बाहेर गेल्यावर मी एका तारेला खुणेची गाठ मारली आणि जोडण्या बदलून पाहिल्या. मोटर झकास चालते, सुलटी. ह्यांची पावलं वाजली तशी गाठ सोडून टाकली.