बिनकळीची काडी

२ डिसेंबर

पोचले बाई एकदाची! दुधाच्या गाडीत, चीजच्या पिंपांना टेकून आले. अंगाला अजून तोच वास येतोय, पण तक्रार नाही. मुलं उरली नाहीत म्हणून आमच्या गावची शाळा बंद पडली, तेव्हापासून बहिणीकडे राहत होते. पाहुणी किती दिवस गोड लागते ते तिच्या भांडी आपटण्यावरून कळत होतं. इथे मला स्वतःची खोली आहे, खिडकीबाहेर पाइनचं रान आहे, आणि उशीवर कोणीतरी वाळलेल्या लॅव्हेंडरची पुरचुंडी ठेवलीय. बर्फाने रस्ता बंद झाला की इथल्या मुलांना खालच्या शाळेत जाता येत नाही, म्हणून वसंतापर्यंत मी त्यांना घरीच शिकवायचं.

मालक स्तामेन, स्वतःचा चीजचा कारखाना. हसला की खिडक्या हलतात. बायको व्हेसेलिना चाळिशी उलटलेली, पण कपाळावर एक रेघ नाही. मी विचारलं, काय लावता हो? ती म्हणाली, काही नाही बाई, घरात शांतता आहे ना, म्हणून.

४ डिसेंबर

मुलं तिन्ही हुशार. थोरला ल्युबेन बारा वर्षांचा. पाढे, कविता, नकाशे सगळं तोंडपाठ, आणि त्याच्या सदऱ्याची घडी दिवसभर मोडत नाही. धाकटा मोमचिल नकलाकार. बापाचा आवाज जरा चढला की हा खुर्चीवर उभा राहून बकरीसारखा ओरडतो आणि सगळं घर हसतं. मधली गिना, नऊ वर्षांची. ती खोलीत येतानाच ‘माझं चुकलं’ म्हणत आली. मी विचारलं, काय चुकलं गं? तिला माहीत नव्हतं.

असली वाटणी मी दर वर्गात पाहिलीय. तू मिरवायचं, तू हसवायचं, तू बोलणी खायची, असं घरं ठरवून टाकतात. मग पोर आपला वाटा जन्मभर ओढतं, आणि आईबाप म्हणतात, हिचा स्वभावच तसा. माझं डोकं फिरतं. पण आल्या आल्या भांडायचं नाही असं बहिणीला कबूल केलंय.

६ डिसेंबर

आज संत निकोलाचा सण. पिठात गुंडाळून भाजलेला कार्प मासा झकास झाला होता. सकाळी कारखान्यात दूध नासलं. स्तामेनने टेबलावर नुसतं विचारलं, कोणामुळे? सगळ्यांनी एका सुरात गिनाचं नाव घेतलं, व्हेसेलिनाने तर अगदी गोड आवाजात. गिना कारखान्याच्या दाराशीही गेली नव्हती. शिक्षा म्हणून तिला मासा नाही, फक्त पाव.

जेवताना ल्युबेनच्या घशात काटा अडकला. त्याने एकदाच आवंढा गिळला आणि पुढे खायला लागला. समोर गिना मात्र खोकत सुटली. मी तिची पाठ थोपटली. तिच्या तोंडातून रक्त आलं, आणि रक्तात माशाचा काटा.

तिने मासा खाल्लाच नव्हता. चोरून खाल्ला असेल, असं मी स्वतःला समजावतेय. पण मी तिच्या शेजारीच बसले होते.

११ डिसेंबर

गिनाला वहीत एक वाक्य लिहायला सांगितलं: ‘यात माझी चूक नव्हती.’ ‘यात माझी’पर्यंत अक्षर मोत्यासारखं. पुढे हात थांबला. मी म्हटलं, लिही गं बाळा. तिने दोन्ही हातांनी पेन्सिल दाबली तर टोक मोडलं. मग ती रडवेली होऊन म्हणाली, बाई, पेन्सिल मोडली, माझं चुकलं.

संताप संताप झाला. दार आपटून बाहेर गेले आणि बर्फात फिरले.

१५ डिसेंबर

ल्युबेनला लोखंडी चुलीपाशी पाहिलं. त्याने तळहात तापलेल्या पत्र्यावर टेकवला होता. टेकवून ठेवला होता! मी किंचाळले, हात ओढला. त्याच्या हाताला काही नाही, साधी लालीही नाही. पलीकडे गिना भिंतीला पाठ लावून आपला हात छातीशी धरून उभी. तळव्यावर हा एवढा फोड.

ल्युबेनने तिला विचारलं, दुखतं का गं? त्यात वाईटपणा नव्हता. परदेशी जाऊन आलेल्याला तिथली हवा विचारावी तसं विचारत होता. नंतर मला एकटीला म्हणाला, बाई, मला काहीच होत नाही. मला एकदा ताप आला तर बरं होईल.

म्हणजे हाही पोखरलेलाच. आणि धाकटा झोपेतही हसतो, मी पाहिलंय. त्याचे ओठ मिटतच नाहीत.

आता मी स्वतःची समजूत काढणं सोडलं. बापाने रकिया ढोसावी आणि ओकाऱ्या हिला व्हाव्यात, आईची झोप उडावी आणि डोळ्यांखाली काळं हिच्या यावं. म्हणून हे घर एवढं धष्टपुष्ट! एका नऊ वर्षांच्या पोरीच्या पाठीवर बसून!

१८ डिसेंबर

मुलांच्या संरक्षणाच्या कचेरीत फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, मारल्याचे वळ आहेत का? जेवायला देतात का? मग आम्ही नेमकं काय करावं असं तुमचं म्हणणं आहे? बहिणीला केला, तर ती म्हणाली, बिल्याना, प्रत्येक घरात असं एक असतंच, तू कशाला मनाला लावून घेतेस.

सगळे मेले एकाच माळेचे मणी. ठरवलंय, दुधाची गाडी आली की गिनाला घेऊन खाली उतरायचं.

२२ डिसेंबर

घाटात बर्फ कोसळलं. गाडी बंद. नव्या वर्षापर्यंत तरी नाही, म्हणे.

२९ डिसेंबर

आज व्हेसेलिनाला तोंडावर विचारलं. मला वाटलं होतं ती चिडेल. ती चीज भरायच्या बनित्साच्या पापुद्र्यांसाठी पीठ लाटत होती, लाटतच राहिली. म्हणाली, बाई, घर म्हटलं की राग येतो, दुखणं येतं, नुकसान होतं. ते कुठेतरी जायला नको का? सगळ्यांत थोडं थोडं वाटलं तर घर फुटतं. एकाने घेतलं की बाकीचे तरतात. बाकीची घरं नुसतीच ठरवून टाकतात. आम्ही निदान काडी टाकतो.

काडी म्हणजे नव्या वर्षाच्या बनित्सातली. आमच्याकडेही द्र्यानच्या झाडाच्या कळ्या असलेल्या काड्या घालतात. तुकड्यात निघेल ते वर्षभराचं नशीब, एक कळी तब्येतीची, दोन विद्येच्या, तीन दूधदुभत्याच्या. ह्यांच्यात एक जास्तीची असते, सोललेली, बिनकळीची. ती ज्याला निघेल त्याने वर्षभर घराचं घ्यायचं. गिनाच्या आधी स्तामेनची बहीण होती. फार सोसलं तिने, व्हेसेलिना कौतुकाने म्हणाली. एकदा खाली गावात पळून गेली, तर तिचं ओझं त्याच दिवशी पाळण्यातल्या गिनावर आलं. बिचारी धावत परत आली. आता परसात आहे, सफरचंदाच्या झाडाखाली.

मी विचारलं, नशिबाने दरवर्षी गिनालाच कशी निघते? त्यावर तिने पीठ उलटलं आणि म्हणाली, मुलीची जात सोशिक असते.

तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तिला काहीच लागलं नसतं, लागलं असतं ते गिनाला. म्हणून हात मागे घेतला.

३१ डिसेंबर, दुपार

खूण सापडली! व्हेसेलिना कच्च्या बनित्साचे तुकडे पाडते, काड्या खोचते, आणि एका तुकड्याची कड चिमटीने दुमडते. रात्री स्तामेन परात फिरवत असणार आणि ती दुमड गिनासमोर आली की थांबवत असणार. नशीब म्हणे!

व्हेसेलिना धूप आणायला गेली तेवढ्यात मी दुमडलेल्या तुकड्यातली सोललेली काडी उपसली आणि मधल्या गोल तुकड्यात खुपसली. तिच्या जागी मधल्या तुकड्यातली दोन कळ्यांची काडी घातली. मधला तुकडा घराचा. परात फिरली तरी तो फिरत नाही, आणि तो कोणी खात नाही, देवाच्या तसबिरीपुढे ठेवतात. घे म्हणावं घरा, तुझं तूच घे! तुझ्या भिंतींना फोड येऊ देत, तुझ्या छपराला काटा लागू दे.

किती दिवसांनी हसले आज.

३१ डिसेंबर, जेवणानंतर

स्तामेनने धूप फिरवला. परात फिरली, दुमड गिनासमोर थांबली. तिने डोळे मिटून तुकडा मोडला. दोन कळ्या! विद्या! पोरीने हातातल्या काडीकडे असं पाहिलं की मला हुंदका आला. व्हेसेलिना पांढरीफटक. सगळ्यांनी आपापले तुकडे मोडले, कोणाकडेच ती नाही.

मग स्तामेनने सावकाश मधला तुकडा उचलला आणि माझ्या ताटलीत ठेवला.

म्हणाला, आमच्यात घराचा वाटा त्या वर्षी घरात आलेल्या माणसाला देतात. तुम्ही आता आमच्याच झालात ना, बाई.

माझ्या गावात असं नाही. कुठल्याच गावात असं ऐकलं नाही. मी म्हटलं, माझं पोट भरलंय. तो म्हणाला, काही हरकत नाही, मग गिनाला देऊ. गिनाने लगेच हात पुढे केला, सवयीने. त्या तळव्यावरचा व्रण मला दिसला.

मी खाल्लं. सगळ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून, शेवटच्या कणापर्यंत. चीज खारट होतं. काडी दातांखाली आली, ती काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, मी मोठी बाई आहे, पोर नव्हे, बघू काय करता.

टाळ्या वाजवल्या मेल्यांनी.

१ जानेवारी

सकाळी मुलं रंगीत दोरे, मक्याच्या लाह्या लावलेल्या फांद्या घेऊन आली. नव्या वर्षाला मुलांनी मोठ्यांच्या पाठीवर हलकेच थोपटून धडधाकट राहा म्हणायचं, आमच्याकडेही आहे. इथे मोठ्यांच्याही हातात फांद्या होत्या. सगळ्यांनी एकाच पाठीवर मारल्या. माझ्या.

गिनाला मारवेना. आई म्हणाली, तुला परत हवंय का? मग तिनेही मारली. मी तिला म्हटलं, मार बाळा, मला लागत नाही.

खोटं बोलले. पण तिचे गाल आज गुलाबी आहेत. वर्गात येताना ती ‘माझं चुकलं’ म्हणाली नाही.

३ जानेवारी

स्तामेन रात्री प्यायला. सकाळपासून मी ओकतेय. आरशात डोळ्यांखाली काळं. गिनाने दोनदा भाकरी मागून घेतली आणि मोठ्याने हसली. तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

अजून राग शाबूत आहे. तो आहे तोवर मी मी आहे.

५ जानेवारी

घाट मोकळा झाला. गाडी आली. बॅग भरली, गिनाला कोट घालायला सांगितलं. ती म्हणाली, कशाला? इथे छान आहे आता.

अंगणात स्तामेन बर्फावरून घसरला. उठून कपडे झटकले त्याने. गुडघा माझा फुटला. दारातच बसले. गाडी गेली.

गेले असते तरी ओझं कोणावर आलं असतं? सफरचंदाच्या झाडाखालच्या बाईला विचारा.

६ जानेवारी

दूध नासलं. टेबलावर स्तामेनने विचारलं, कोणामुळे? ल्युबेन म्हणाला बाईंमुळे. मोमचिल हसत हसत म्हणाला बाईंमुळे. गिना गप्प. तिचा बाप वाट बघत राहिला. तिच्या ओठांवरचा रंग उतरायला लागला, माझ्या डोळ्यांदेखत. मी तिला खूण केली, म्हण.

म्हणाली ती. दुसऱ्यांदा न सांगता पुन्हा म्हणाली. सोपं जातं एकदा जमलं की. तिचा दोष नाही. ह्या घराचा आहे, घराचा, त्या दोघांचा, परात फिरवणाऱ्या हाताचा—

लिहून ठेवते, कारण तोंडाने बोलायला जावं तर ‘माझं चुकलं’ एवढंच बाहेर पडतं. आज मांजराला म्हणाले.

८ जानेवारी

घशात काटा. मासा कोणी खाल्ला, ठाऊक नाही. गिळते आहे. लिहिते आहे.

लिहायचंय ते वाक्य. गिनाला दिलं होतं ते. ‘यात माझी’ आणि पुढे हात थां— पेन दोन्ही हातांत धरलं, तरी—

तिच्याबद्दलचं तरी लिहीन. तिच्यासाठी. ते लिहू देतील—

९ जानेवारी

स्वयंपाकघरात बसून लिहितेय, गुडघ्यामुळे जिना चढवत नाही. चूल पेटलीय. पत्रा लाल.

गिना आलीय. वेणीत नवी रिबीन. किती गोड दिसते. चुलीपाशी उभी राहिलीय, हात मागे, आणि माझ्याकडे बघतेय.

विचारतेय, बाई, तुम्हाला खरंच लागतं का हो? की नुसतं तसं दाखवता?

हात पुढे केलाय तिने. तोच हात. व्रण गेलाय त्यावरचा, गेलाय, बरं झालं—

तू वाईट नाहीस गं. तुला कोणी सांगितलंच नाही. मी सांगते, लिहून ठेवते, मोठी झालीस की वाच. गिना, बाळा, तुझी चूक कधीच नव्ह